तुरट आणि कडू यांतला फरक आधी सांगता यायला हवा

निफाडकडच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न आहे. तो नाशिकला हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी सोनाका द्राक्षांची बाग आहे, पण घरात वाइनला कोणी हात लावलेला नाही. सोमेलिए म्हणजे हॉटेलात पाहुण्याला वाइन सुचवणारा आणि वाढणारा माणूस. मुलगा लिहितो: "सोमेलिए व्हायचंय. पायाभूत म्हणून नेमकं काय यायला हवं? फ्रान्सच्या वाइनची यादी पाठ करायला घेतलीय, डोक्यात राहत नाही. इंग्रजी बेताचं. ग्लास नाकाशी नेला की मला फक्त वाइनचा वास येतो, बाकी काही नाही. आणि वडिलांना हे काम म्हणजे दारू वाढणं वाटतं, त्यांना काय सांगू?"

पहिलं काम, ती यादी बंद करून कपाटात ठेव. मीही सुरुवातीला बोर्डो या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाच्या १८५५ च्या वर्गवारीतली नावं लोकलमध्ये उभ्याने घोकली होती. त्यातली एकही बाटली तेव्हा मी पाहिलेली नव्हती. पुढे टेबलावर उभं राहिल्यावर पहिल्या पाहुण्याने विचारलं, "यांतली जरा कमी तुरट कुठली?" माझ्या तोंडून उत्तर फुटेना. नावं पाठ होती, पण तोंडात काय होतं ते ठाऊक नव्हतं.

म्हणून सुरुवात तोंडापासून. आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो आपल्याला कोणी सांगत नाही. तुरट हा शब्द आपल्याला लहानपणीच मिळालेला असतो. कच्चं जांभूळ, सुपारी, हिरडा, डाळिंबाची साल: आजीने "तुरट लागेल हं" म्हणून दिलेली प्रत्येक गोष्ट आठव. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना कडू आणि तुरट वेगळं करायला महिना लागतो, कारण रोजच्या बोलण्यात ते दोन्हीला कडूच म्हणतात. रेड वाइनमधलं टॅनिन म्हणजे हाच तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठांतून येतो, आणि ओकच्या पिंपात मुरवली तर लाकडातूनही थोडा येतो. ही चव नाहीच, स्पर्श आहे. लाळेतली प्रथिनं टॅनिन धरून ठेवतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो.

घरी करून बघ. एक चमचा चहापत्ती दहा मिनिटं उकळ, गाळ, साखर न घालता गार कर. घोट तोंडात फिरव आणि थुंकून टाक. आता जीभ वरच्या दातांमागून आणि हिरड्यांवरून फिरव. खरखरीत लागतंय ना? ते टॅनिन. मग कारल्याची एक चकती चाव. ती कडू आहे, बराच वेळ रेंगाळेल, पण तोंड कोरडं पडणार नाही. हा फरक डोळे मिटून दहापैकी दहा वेळा सांगता आला की अर्धं काम झालं.

आंबटपणासाठी लिंबूपाणी. पाण्यात लिंबू पिळ, घोट घे, थुंक, आणि मान जरा खाली घालून थांब. तोंडाला किती पाणी सुटतंय आणि किती वेळ, हे आम्लतेचं खरं माप. आता त्याच पाण्यात दोन चमचे साखर घाल. कमी आंबट लागेल, पण लाळ तेवढीच सुटेल. साखरेने आंबटपणा लपतो, कमी होत नाही. जर्मनीच्या मोझेल नदीकाठची गोडसर रीसलिंग किंवा शॅम्पेन चाखताना नवशिके इथेच फसतात. गोडी लागली की "आम्ल कमी" असं लिहून मोकळे होतात. तू जिभेचं ऐकू नकोस, लाळेकडे बघ.

गोडीचा दुसरा सापळा नाकाचा आहे. ग्लासातून पिकल्या पेरूचा वास आला की मेंदू आपणच गोड ठरवून टाकतो. शंका आली की नाक चिमटीत धरून घोट घे. साखर असेल तर जिभेला तरीही कळेल; नुसता वास असेल तर गोडी गायब होईल. भरीवपणाला, ज्याला सगळे बॉडी म्हणतात, गाईचं आणि म्हशीचं दूध आठव, दुसरं काही लागत नाही. अल्कोहोल घशात आणि छातीत उबेने कळतं. आणि घोट थुंकल्यावर चव किती सेकंद राहते ते मोज. हो, थुंकायचं. धंद्यात सगळे थुंकतात, दिवसाला चाळीस वाइन चाखायच्या तर दुसरा मार्ग नाही. घरी सांगायला हेही उपयोगी पडेल.

आता "फक्त वाइनचा वास येतो" या तक्रारीबद्दल. तुझं नाक ठीक आहे, शब्दांची गडबड आहे. पुस्तकातले वास युरोपातल्या परसातले असतात. सोव्हिन्यों ब्लां ला (हे, आणि पुढची कॅबर्ने, शिराज वगैरे, द्राक्षाच्या जातींची आणि त्यांच्याच वाइनची नावं) गूसबेरीचा वास येतो असं वाचून आमच्या बॅचमधली निम्मी मुलं आवळा हुंगत बसली होती. ती गूसबेरी म्हणजे आवळा नव्हे, तिकडच्या काटेरी झुडपाचं वेगळंच फळ आहे. कॅबर्ने सोव्हिन्यों मधलं ब्लॅककरंट म्हणजे काळे मनुके नव्हेत. तेही एक आंबट, गर्द जांभळं बोरासारखं फळ, वाळवलेल्या द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. परीक्षेत तिकडचे शब्द लिहावे लागतात, ते नंतर शिकशील. आधी आपल्या घरातले वास पक्के कर, कारण त्यातले बरेच खरोखर तेच रेणू आहेत. शिराजमधला मिरीचा वास आणि तुझ्या मिसळणाच्या डब्यातली मिरी, दोन्हींत रोटंडोन नावाचं एकच द्रव्य आहे. ओकमधून येणारा लवंगेचा वास म्हणजे युजेनॉल, लवंगेतही तेच. अमेरिकन ओकमधून सुकं खोबरं येतं. कॅबर्ने किंवा सोव्हिन्यों ब्लां मध्ये ढोबळी मिरची कापल्याचा वास आला तर तो पायराझिन नावाच्या द्रव्याचा. आणि गेवुर्झट्रामिनर मधली लिची तर युरोपातल्या मुलांना डब्यातून शिकावी लागते. रोज मंडईतून येताना एक गोष्ट हुंगायची, डोळे मिटून पुन्हा ओळखायची. मी सहा महिने खिशात रिकाम्या औषधाच्या बाटल्या घेऊन फिरायचो, एकीत दालचिनी, एकीत ओली माती, एकीत चामड्याच्या चपलेचा तुकडा. आई वैतागली होती.

द्राक्षाबद्दल तुला मी काय सांगणार. पण तुमच्या बागेत जे चांगलं मानतात, त्याच्या बरोब्बर उलट वाइनला लागतं, ते समजून घे. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, पाण्यात बुडवता. साल पातळ हवी, बी नको. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. कारण रंग, टॅनिन आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो, आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. काळ्या द्राक्षाचा रसही बहुतेक जातींत पांढराच असतो. साल रसात ठेवून आंबवलं तर रेड, काही तासांत काढली तर गुलाबी रोझे, लगेच दाबून रस वेगळा केला तर काळ्या द्राक्षाची पांढरी वाइनसुद्धा होते. शॅम्पेनमध्ये पिनो न्वार आणि मुनिए या काळ्या जाती आहेत आणि तरी बाटलीतली वाइन सोनेरी असते, ती अशी.

रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घरी असेलच. टेबल द्राक्षाला तुम्ही १७-१८ ब्रिक्सला खूश असता. वाइनला २२ ते २४ पर्यंत थांबतात. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा ढोबळ अंदाज येतो. २२ ला साधारण १२ टक्के, २४ ला १३ च्या वर. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, सगळी साखर संपली तर वाइन ड्राय, मध्येच थांबवलं तर गोडी उरते. पिकत जाताना साखर चढते आणि आम्ल उतरतं, म्हणून गरम प्रदेशाची वाइन भरीव आणि कमी आंबट, थंड प्रदेशाची हलकी आणि चुरचुरीत. हे एक वाक्य नीट समजलं तर जगाचा निम्मा नकाशा पाठ न करता सांगता येतो.

आणि आपलं नाशिक या नकाशात विचित्र जागी बसलंय. पुस्तकं सांगतात वाइनची द्राक्षं ३० ते ५० अक्षांशांत. नाशिक २० वर. इथे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून आपण वर्षात दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना फळछाटणी. पीक एकच घ्यायचं, तेही जानेवारी ते मार्चमध्ये, रात्री गार असताना. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. परदेशी पाहुण्याला हे सांगितलंस की तो खुर्ची पुढे ओढून बसतो, हा माझा अनुभव आहे. तुझ्या बागेतल्या वेली ज्यावर कलम केल्यात त्या डॉगरिज या अमेरिकन खुंटाचीही गोष्ट सांग. १८६० च्या दशकापासून फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आजही तिकडच्या बहुतेक बागा कलमीच आहेत. आपल्याकडे नारायणगावच्या इंडाज या वाइन कंपनीने ऐंशीच्या दशकात सुरुवात केली. नाशिकच्या सुला वाइनरीच्या पहिल्या वाइन २००० साली आल्या, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशकात वाइनरी वाढत गेल्या. एवढं आपल्या घराबद्दल माहीत असायला हवं. बोर्डो तोंडपाठ आणि दिंडोरीला कुठल्या वाइनरी आहेत ते ठाऊक नाही, अशी मुलं मी मुलाखतीत बघतो आणि मला राग येतो.

आता ती यादी. ती डोक्यात राहत नाही कारण तू ती नावं म्हणून पाठ करतोयस. हापूसच्या पेटीचा विचार कर. पेटीवर "देवगड" लिहिलं की आत काय आहे ते आपल्याला कळतं, वर "हापूस" लिहायची गरज नसते. आणि कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकला तर आपण भांडतो. फ्रान्स-इटलीची लेबलं अशीच आहेत: गावाचं नाव लिहितात, जात तुम्हाला माहीत असल्याचं गृहीत धरतात. चाब्ली म्हणजे शार्डोने. सान्सेरची व्हाइट म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, व्हुव्रे म्हणजे शेनिन ब्लां. बर्गंडीची रेड म्हणजे पिनो न्वार. बोर्डोत नदीच्या डाव्या तीरावर कॅबर्ने सोव्हिन्यों वरचढ, उजव्या तीरावर मर्लो. बरोलो म्हणजे नेब्बिओलो, कियांती म्हणजे मुख्यतः सांजोव्हेझे, रियोहाची रेड म्हणजे मुख्यतः टेम्प्रानियो. न्यूझीलंडचं मार्लबरो, अर्जेंटिनाचं मेंडोझा यांच्या लेबलावर मात्र जात छापलेली असते, सोव्हिन्यों ब्लां आणि माल्बेक, तिथे डोकं लावायला नको. पहिल्या सहा महिन्यांसाठी एवढ्या जोड्या पुरेत. प्रत्येक जोडीची निदान एक बाटली चार मित्रांत वर्गणी काढून उघडा, नाहीतर पुन्हा घोकंपट्टी.

उच्चार वहीत देवनागरीत लिही. इंग्रजी लिपीत "मेर्लोट" वाचणाऱ्यांपेक्षा तुझा उच्चार बरा होईल, कारण आपली लिपी ऐकू येईल तसं लिहू देते. एक गंमत: शेवटचा त गिळायची सवय लागली की लोक एका प्रसिद्ध शॅम्पेनच्या नावालाही "मोए" म्हणतात, तिथे मात्र तो त उच्चारायचा असतो, मोएत ए शाँदों.

टेबलावरच्या कामाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मुलं याला हलकं समजतात. सोमेलिए हा शब्दच मुळात ओझ्याची जनावरं सांभाळणाऱ्या नोकराच्या हुद्द्यावरून आलाय. हे सेवेचं काम आहे, भाषणाचं नाही.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. मुंबईतलं एक मोठं हॉटेल, आठ जणांचं टेबल, यजमान वयस्कर गृहस्थ. मी बाटली दाखवली, फॉइल कापलं, कॉर्क काढला, त्यांना घोटभर ओतली. त्यांनी वास घेतला आणि कपाळाला आठी. "काहीतरी बिघडलंय." मी पाठांतरातलं वाक्य टाकलं: "सर, या भागातल्या वाइनला असा मातकट वास असतोच." आमचे वरिष्ठ मागेच उभे होते. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, नुसतं हुंगलं, "माफ करा, दुसरी आणतो" म्हणाले आणि मला खुणेने पॅन्ट्रीत यायला सांगितलं. तिथे ती बाटली माझ्यासमोर ठेवली. "रोज ड्यूटीवर आलास की हिचा वास घ्यायचा. आठवडाभर." गोदामात पावसाने भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तसा वास. कॉर्कमधून येणारं टीसीए नावाचं द्रव्य आहे ते. पिणाऱ्याला अपाय नाही, पण फळाचा सगळा वास मारून टाकतं, आणि हवा लागली म्हणून जात नाही. पाचव्या दिवशीही ते पुठ्ठं तसंच होतं. तेव्हापासून पाहुण्याने बाटली परत केली की मी आधी ती घेतो आणि मग विचार करतो.

म्हणूनच तो पहिला घोट यजमानाला असतो. आवडते का ते विचारायला नाही, बिघडलेली नाही ना ते बघायला. क्रम असा: लेबल यजमानाकडे धरून उत्पादक, नाव आणि साल बोलायचं. फॉइल बाटलीच्या ओठाखालून कापायचं, तोंड पुसायचं. मळसूत्र मध्यभागी, कॉर्कच्या आरपार जाऊ द्यायचं नाही. शेवटचा अर्धा सेंटिमीटर हाताने, आवाज न करता. घोटभर यजमानाला, होकार आला की बाकीच्यांना, यजमानाचा ग्लास सर्वांत शेवटी. स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची, बाटली उघडताना तर जीव मुठीत. आत साधारण ६ बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या अडीच-तीनपट. तारेची जाळी सैल केल्या क्षणापासून अंगठा कॉर्कवरून उचलायचा नाही, बाटली तिरकी धरायची, कॉर्क स्थिर ठेवून बाटली फिरवायची. फट्ट आवाज लग्नात ठीक आहे. आपल्या हातून नुसता उसासा यायला हवा. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना स्क्रू कॅप असते, तिच्यात कमीपणा मानू नकोस, पण कॉर्कचा सराव होत नाही. बँक्वेटमधून रिकाम्या बाटल्या आणि कॉर्क गोळा कर, पुन्हा ठोकून बसव आणि उघड.

तापमानावर आपल्याकडे जेवढ्या वाइन वाया जातात तेवढ्या दुसऱ्या कशानेच जात नसाव्यात. "रेड रूम टेंपरेचरला" हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी होतं, मे महिन्यातल्या दादरसाठी नाही. भरीव रेड १५ ते १८ अंश, हलकी रेड १३ च्या आसपास, व्हाइट ७ ते १३ मध्ये, स्पार्कलिंग ६ ते १०. ३० अंशांची रेड म्हणजे नुसती अल्कोहोलची भगभग. मी बेधडक रेड पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवतो. एखादा पाहुणा भुवया उंचावतो, चाखल्यावर गप्प होतो.

जेवण आणि वाइनच्या जोडीचं थोडक्यात. जेवणातलं मीठ आणि आंबट वाइनला मऊ करतं, जेवणातली गोडी आणि तिखट तिला कठोर करतं. म्हणून तळलेल्या बोंबलाबरोबर स्पार्कलिंग झकास, आणि तांबड्या रश्श्याबरोबर १४.५ टक्क्यांची तुरट रेड म्हणजे तोंडात आग. तिथे गार, किंचित गोड शेनिन दे. पुरणपोळीसमोर ड्राय वाइन ठेवलीस तर ती लिंबाच्या सालीसारखी लागेल. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर सरळ सांगावं की पुरणपोळीवर तूपच बरं.

प्रमाणपत्रांचं विचारलं नाहीस, पण विचारशील. वाइनचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या लंडनच्या डब्ल्यूएसईटी या संस्थेची पहिली पायरी म्हणजे ३० बहुपर्यायी प्रश्न, ४५ मिनिटं. तिसऱ्या पायरीला लेबल न बघता दोन वाइन चाखून लिहावं लागतं. कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिए यांच्याकडे सेवेचीही परीक्षा असते, तुझ्या कामाला ते जास्त जवळचं. फी आपल्या पगाराच्या मानाने जड आहे, म्हणून पहिली पायरी स्वतःच्या पैशाने आणि पुढची हॉटेलकडून, असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना सुचवतो. इंग्रजीची धास्ती नको. चाखण्याच्या उत्तरात ठरलेले शब्द असतात, कमी, मध्यम, जास्त, आणि फळांची नावं. शंभरएक शब्दांत काम होतं. सोनल हॉलंड २०१६ मध्ये मास्टर ऑफ वाइन झाल्या, म्हणजे वाइनमधली अतिशय अवघड मानली जाणारी परीक्षा पास झाल्या, भारतातल्या पहिल्या. तो रस्ता वेगळा आणि लांबचा, पण इथून सुरू होऊ शकतो एवढं त्यातून दिसतं.

आणि नोकरीत निम्मा वेळ वाइन नसते, वही असते. स्टॉक, तुटलेले ग्लास, परवान्याची रजिस्टरं. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे ५ ग्लास. हात सैल सुटून १८० ओतायला लागलास की चारच, आणि महिनाअखेर पाचवा कुठे गेला ते तुलाच विचारतील.

वडिलांना काही सांगू नकोस. जानेवारीत तोडणी सुरू झाली की त्यांना जवळच्या एखाद्या वाइनरीत घेऊन जा, ओळखीचा कोणीतरी द्राक्ष पुरवणारा निघेलच. तिथे वाइनमेकर ब्रिक्स बघून थांबत नाहीत, मणी तोंडात टाकून बी चावतात. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर पिकली, हिरवी असली तर अजून थांबायचं. वडिलांच्याही हातात चार मणी ठेव. बी नसलेल्या द्राक्षात आयुष्य गेलेल्या माणसाने हिरवी बी चावली की तोंड कसं होतं, ते तुझ्या आधी त्यांनाच सांगता येईल.